हुजूर जिंकले, हसले मजूर : लंडन आणि कँटरबरी, जून २०१७

गुरुवार, ८ जून : स्टॅनमोर आणि ओव्हल

आम्ही लंडनला गेलो ते क्रिकेटसाठी. चॅम्पियन्स ट्रॉफीतल्या भारताच्या दोन सामन्यांची, ८ जूनचा श्रीलंकेविरुद्धचा आणि ११ चा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा, तिकिटं भाच्याने खूप आधीच काढून ठेवली होती. तेव्हा ब्रिटनमध्ये निवडणुकीचं नावही नव्हतं. मग १८ एप्रिलला हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक मध्यावधी जाहीर केली आणि मतदान आलं नेमकं आमच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी. बायको म्हणाली, "घ्या, तुमची इलेक्शन ड्युटी लंडनलाही चुकली नाही." जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या टोमण्याची धार कळेल. केंद्राध्यक्ष म्हणून मी इतक्या रात्री शाळेच्या बाकांवर काढल्यात की मतदान केंद्र दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात.

भाचा स्टॅनमोरला राहतो, म्हणजे हॅरो ईस्ट मतदारसंघात. त्याचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, तरी त्याला मत होतं. राष्ट्रकुल देशाचा नागरिक तिथे रीतसर राहत असेल आणि त्याने मुदतीत नाव नोंदवलं असेल तर संसदेच्या निवडणुकीत त्याला मत देता येतं. मला हे ठाऊक नव्हतं. तिकडे मुलंबाळं असलेल्यांनी त्यांना जरूर विचारावं, कारण चार-चार वर्षं राहून नाव न नोंदवलेले मराठी लोक मला तिथे भेटले.

सकाळी सातला मतदान सुरू, रात्री दहाला बंद. सलग पंधरा तास! सुट्टी नाही, गुरुवार असूनही नाही. लोक कामावर जाता जाता मत टाकून जातात. केंद्र एका चर्चच्या सभागृहात होतं. कुंपणाला पांढरा कागद बांधलेला, त्यावर काळ्या अक्षरांत 'पोलिंग स्टेशन'. पोलीस दिसला नाही. दारातच निळा बिल्ला लावलेल्या एक गुजराती आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्याला मतदार क्रमांक विचारत होत्या. मी हबकलो. आपल्याकडे पक्षाचं टेबल दोनशे मीटर लांब आणि इथे पक्षाची बाई उंबऱ्यावर! भाचा म्हणाला, "मामा, नंबर सांगायलाच पाहिजे असं काही नाही. कोण येऊन गेलं याची त्या नोंद ठेवतात, म्हणजे संध्याकाळी उरलेल्यांच्या घरी जाता येतं." आजींच्या शेजारी एक जण कुत्र्याला घेऊन उभा होता. कुत्रं शांत होतं. आजीही.

मला अर्थातच आत सोडलं नाही. अधिकारी बाईंनी फार गोड शब्दांत बाहेर थांबायला सांगितलं आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. भाचा दोन मिनिटांत बाहेर. ओळखपत्र विचारलं नाही (तेव्हा लागतच नसे), बोटाला शाई नाही, यंत्र नाही. नाव-पत्ता सांगायचा, कागदाची मतपत्रिका घ्यायची आणि दोरीला बांधलेल्या बुटक्या पेन्सिलीने फुली मारायची. पेन्सिलीने! स्वतःचं पेन नेलं तरी चालतं म्हणे. माझा जीव मात्र त्या पेन्सिलीत अडकून राहिला.

तिथून ज्युबिली लाइनने लंडन ब्रिज. तिथे गाडी बदलायची होती, पण आम्ही मुद्दाम वर आलो. पाचच दिवसांपूर्वी, ३ जूनच्या रात्री, या पुलावर व्हॅन घालून आणि शेजारच्या बरो मार्केटात सुरे चालवून तीन हल्लेखोरांनी आठ माणसं मारली होती. त्याआधी २२ मे रोजी मँचेस्टरमध्ये बावीस जण गेले होते. प्रचार दोनदा थांबला. बाजार अजून बंदच होता आणि पुलाकडेला फुलांचा ढीग. एक मध्यमवयीन बाई फुलं ठेवून वळल्या, भाच्याच्या हातातला तिरंगा पाहून "मॅचला का?" म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्या पोलीस खात्यात कारकून होत्या, कपातीत नोकरी गेली. मे गृहमंत्री असतानाच्या काळात पोलिसांची संख्या सुमारे वीस हजारांनी घटली होती आणि शेवटच्या आठवड्यात त्यावरूनच रण माजलं होतं. "मत कुणाला ते सांगणार नाही," बाई म्हणाल्या, "पण राग कुणावर ते कळलं असेल."

मैदानाचं मी थोडक्यात आटोपतो, कारण ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. धवन १२५, रोहित ७८, धोनी ६३, भारत ६ बाद ३२१. आम्ही पुरणपोळी खाल्ल्यासारखे सुस्तावलो. मागच्या रांगेत टूटिंगहून आलेलं एक श्रीलंकन तमिळ कुटुंब होतं, त्यातले गृहस्थ म्हणाले, "सगळे सर्व्हे भारताच्या बाजूने आहेत. मे बाईंच्याही आहेत." संध्याकाळी त्यांच्या संघाने सात गडी राखून ३२२ केल्या, ४८.४ षटकांत. जाताना त्यांनी मला उरलेली केळ्याची वेफर्स दिली, सांत्वन म्हणून.

*ओव्हलला जाणाऱ्यांसाठी : नॉर्दर्न लाइनचं 'ओव्हल' स्टेशन मैदानापासून चालत काही मिनिटांवर आहे. बॅग लहान न्या, तपासणीची रांग मोठी असते. जूनमध्येही स्वेटर हवाच. उन्हात बसलात तर भाजता, सावलीत बसलात तर काकडता.*

रात्री खरा सामना. भाच्याच्या शेजारी एक निवृत्त औषधविक्रेते गुजराती काका राहतात, १९६८ मध्ये नैरोबीहून आलेले. थॅचरबाईंपासून एकनिष्ठ हुजूर. ते ढोकळा घेऊन आले आणि सोफ्यावर ऐसपैस बसले. निवडणूक जाहीर झाली तेव्हा हुजूर पक्षाची आघाडी वीस टक्क्यांच्या घरात होती. शंभराचं मताधिक्य मिळेल की दीडशेचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दहाचे ठोके पडले आणि बीबीसीवर डेव्हिड डिंबल्बींनी एक्झिट पोल सांगितला : हुजूर ३१४, मजूर (लेबर) २६६. बहुमताला हवेत ३२६. म्हणजे त्रिशंकू!

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "चुकलं असेल." त्यांनी ढोकळ्याचं ताट माझ्याकडे सरकवलं, पण स्वतः त्याला हात लावला नाही.

मग निकाल येऊ लागले. पहिला मान सहसा संडरलँडचा, यंदा न्यूकॅसलने पटकावला. मतदान संपून तास-सव्वा तासात हाताने मोजलेला निकाल! मी खरोखर उभा राहिलो. मध्यरात्रीनंतर कधीतरी शेफील्ड हॅलममध्ये माजी उपपंतप्रधान निक क्लेग पडले आणि काकांचा फोन वाजला. त्यांची नात शेफील्डला शिकते, तिचं हे पहिलंच मत. तिचा आरडाओरडा आम्हाला सोफ्यावर ऐकू येत होता. क्लेग यांनी २०१० मध्ये विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं वचन दिलं होतं आणि सरकारात गेल्यावर ती ९,००० पौंडांपर्यंत नेऊ दिली. मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांनी यंदा फीच रद्द करायचं कबूल केलं होतं. काका फोनवर एवढंच म्हणाले, "बेटा, झोप आता." फोन ठेवून मला म्हणाले, "फी मीच भरतो तिची."

आणखी एक दृश्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेडनहेडला खुद्द पंतप्रधानांचा निकाल जाहीर होताना मंचावर त्यांच्याच रांगेत डोक्यावर भली मोठी काळी बादली घातलेला उमेदवार उभा होता, 'लॉर्ड बकेटहेड'. २४९ मतं. अनामत जप्त. पण उभं राहायला मिळालं पंतप्रधानांसोबत.

शुक्रवार, ९ जून : व्हाइटहॉल आणि केन्झिंग्टन

पहाटे हॅरो ईस्टचा निकाल लागला. हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन १,७५७ मतांनी आले. मागच्या वेळी हेच अंतर ४,७५७ होतं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलेल्या काकांचं मी अभिनंदन केलं तर त्यांनी अशा नजरेने पाहिलं जणू मी त्यांच्या घरी सुतक असताना पेढा मागितला.

दिवसभर हेच पाहायला मिळालं. हुजूर पक्षाचे ३१७ निवडून आले, मतंही ४२ टक्क्यांवर गेली, तरी त्यांचे मतदार पडेल चेहऱ्याने फिरत होते. मजूर पक्ष २६२ वर, म्हणजे पन्नासहून अधिक जागांनी मागे, आणि त्याचे लोक ट्यूबमध्ये अनोळखी माणसाकडे पाहून हसत होते. लंडनच्या ट्यूबमध्ये! भाचा म्हणतो, असं त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुपारी आम्ही व्हाइटहॉलला गेलो. संसदेसमोरच्या हिरवळीवर वाहिन्यांचे तंबू, वर हेलिकॉप्टर. मे बाई राजवाड्यावर जाऊन आल्या आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या छोट्या पक्षाच्या मदतीने सरकार बनवणार असं त्यांनी जाहीर केलं. भाषणात धक्क्याचा उल्लेख नाही, जणू ठरल्याप्रमाणेच घडलं. गर्दीत माझ्या शेजारचा एक तरुण दुसऱ्याला विचारत होता, "डीयूपी म्हणजे नेमकं कोण रे?" बऱ्याच जणांनी त्याच वेळी फोन काढलेले दिसले.

त्या गर्दीत एकच मनापासून खूश हुजूर मतदार भेटला, आणि तो निघाला स्कॉटलंडचा. ॲबरडीनजवळचा शेतकरी, बायकोसोबत लंडन बघायला आलेला, मत टपालाने दिलेलं. स्कॉटलंडात हुजूर पक्षाचा मागच्या वेळी एकच खासदार होता, यंदा तेरा झाले. तिथले माजी मुख्यमंत्री ॲलेक्स सॅमंडही पडले. "इंग्रजांनी घालवलं, आम्ही सावरलं," हे वाक्य त्याने दोनदा म्हणून घेतलं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर पुन्हा सार्वमत नको, एवढ्यासाठी त्याने मत दिलं होतं. ब्रेक्झिट, कॉर्बिन, कशाशी त्याला घेणंदेणं नव्हतं. लंडनची वर्तमानपत्रं या निकालाचं एकच कारण शोधत होती, पण मला तरी प्रत्येक माणसागणिक वेगळी निवडणूक ऐकू येत होती.

तिथून केन्झिंग्टन. दूतावास, पांढरे बंगले, राजवाडा. हुजुरांचा इतका पक्का गड की कुणी तिकडे लक्षही दिलं नव्हतं. शुक्रवार उजाडला तरी देशातला हा एकच निकाल अडकून होता. रात्रभर मतं मोजली, पुन्हा मोजली, तरी फरक इतका किरकोळ की उमेदवार मान्य करेनात. शेवटी सकाळी मोजणाऱ्यांना झोपायला घरी पाठवलं आणि संध्याकाळी सहाला परत बोलावलं! हे ऐकल्यावर मी रस्त्यातच थांबलो. मतपत्रिकांच्या जमान्यात मी मोजणी केलेली आहे. दोन दिवस, दोन रात्री, तोंडावर पाणी मारून. कर्मचाऱ्याला झोप येते याची दखल घेणारी निवडणूक यंत्रणा जगात आहे, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं तर ते थाप समजतील.

पोर्टोबेलो रोडवरून उत्तरेकडे चालत गेलं की तोच मतदारसंघ ओळखू येत नाही. बंगले संपतात, सरकारी इमारती लागतात. गोलबोर्न रोडवर मोरोक्कन आणि पोर्तुगीज दुकानं आहेत. एका पोर्तुगीज बेकरीत अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट खाल्ली, वर दालचिनी भुरभुरून देतात. बायकोला विचाराल तर सगळ्या सहलीत तीच एक गोष्ट खरी. काउंटरवरची बाई वीस वर्षं लंडनमध्ये आहे, मुलं इथेच जन्मली, कर भरते. पण युरोपीय नागरिक म्हणून तिला ना या निवडणुकीत मत, ना गेल्या वर्षीच्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात. भाचा भारतीय पासपोर्टवर चार वर्षांत मत देऊन आला हे ऐकून ती हसली आणि त्याच्या कॉफीचे पैसे घेईना. "तू माझ्या वाटचं दिलंस असं समजते," म्हणाली. भाचा चांगलाच ओशाळला.

रात्री नऊच्या सुमारास निकाल आला. मजूर पक्षाच्या एमा डेंट कोड १६,३३३, हुजूर पक्षाच्या व्हिक्टोरिया बोर्विक १६,३१३. वीस मतं.

परतीची गाडी लॅडब्रोक ग्रोव्हपासून लॅटिमर रोडकडे उंचावरून जाते, तिथून उजेडात उभा असलेला एक उंच टॉवर आम्ही पाहिला होता. नाव विचारलंही नव्हतं. १४ जूनच्या पहाटे तो ग्रेनफेल टॉवर पेटला आणि त्यात ७२ माणसं गेली. निवडून येऊन आठवडाही न झालेल्या खासदारबाईंच्या पदरात पहिलं काम ते पडलं.

शनिवार, १० जून : कँटरबरी आणि व्हिट्स्टेबल

*सेंट पँक्रासहून वेगवान गाडीने कँटरबरी वेस्ट तासाभरात येतं. व्हिक्टोरियाहून कँटरबरी ईस्टला जाणारी गाडी जास्त वेळ घेते, पण सहसा स्वस्त पडते. दोन्ही स्टेशनांवरून गाव चालत गाठता येतं.*

कँटरबरी ठरलेलं होतं ते कॅथेड्रलसाठी. ११७० मध्ये राजाच्या सरदारांनी आर्चबिशप टॉमस बेकेटला तिथे देवळातच कापलं, आणि मग शतकानुशतकं लोक त्याच्या दर्शनाला चालत येत राहिले. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कॅथेड्रल भव्य आहे, दोन तास हाताशी ठेवा, आणि खालचं तळघर चुकवू नका.

पण गावात चर्चा होती १८७ ची. कँटरबरी मतदारसंघ १९१८ पासून हुजुरांचाच. सर ज्युलियन ब्रेझियर १९८७ पासून खासदार, मागच्या वेळी जवळजवळ दहा हजारांनी आलेले. यंदा रोझी डफील्ड नावाच्या मजूर पक्षाच्या बाईंनी, ज्या पूर्वी शाळेत शिक्षकांच्या मदतनीस होत्या, त्यांना १८७ मतांनी पाडलं. स्टूर नदीत होडी वल्हवणारा पोरगा केंट विद्यापीठाचा विद्यार्थी होता. पुलाखालून जाताना आम्हाला डोकं वाकवायला सांगत सांगत त्याने हिशेब मांडला : त्याच्या वसतिगृहाच्या मजल्यावर अठरा जण, सगळ्यांनी मत दिलं. "म्हणजे आमच्यासारखे अकरा मजले. संपलं!" त्याला झोप नव्हती, आवाज बसला होता, आणि होडी दोनदा काठाला लागली.

तेव्हा सगळेच म्हणत होते की तरुणांनी निवडणूक फिरवली. पुढे ब्रिटिश इलेक्शन स्टडीच्या अभ्यासकांनी आकडे तपासून सांगितलं की अगदी कोवळ्या मतदारांचं मतदान फारसं वाढल्याचा पुरावा मिळत नाही. असेल. पण १८७ च्या गावात तो हिशेब त्या पोराला पटवून देणं मला जमलं नसतं.

दुपारी बसने व्हिट्स्टेबलला गेलो, अर्ध्या तासावर. समुद्रकाठचं गाव, कालवांसाठी प्रसिद्ध, मतदारसंघ तोच. वारा इतका की बायकोची ओढणी एका मच्छीमाराने पकडून दिली. *शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं : काही दुकानांत चिप्स गुरांच्या चरबीत तळतात आणि बऱ्याच ठिकाणी मासे नि बटाटे एकाच कढईत जातात. विचारायला लाजू नका, ते प्रामाणिक उत्तर देतात.* आम्हाला तिसऱ्या दुकानात वेगळ्या तेलातले चिप्स मिळाले.

ते खायला बंदरावरच्या बाकावर बसलो तर शेजारी एक सत्तरीच्या पुढच्या आजी. नवरा स्मृतिभ्रंशाने आजारी, घरीच असतो, शनिवारी दुपारी मुलगी येऊन बसते तेवढीच यांची सुट्टी. त्यांनी जन्मभर हुजुरांना मत दिलं होतं. या वेळी पक्षाच्या जाहीरनाम्यात आलं की घरी मिळणाऱ्या शुश्रूषेचा खर्च ठरवतानाही राहत्या घराची किंमत धरणार, आणि शेवटी एक लाख पौंड सोडून बाकीचं त्यात जाऊ शकेल. लोकांनी त्याला 'डिमेन्शिया टॅक्स' म्हणायला सुरुवात केली. मे बाईंनी चार दिवसांत खर्चाला कमाल मर्यादा घालू म्हणून माघार घेतली आणि वर "काहीही बदललेलं नाही" असंही सांगितलं.

"त्याचा राग आला," आजी म्हणाल्या. "योजनेचा नाही एवढा. बदलून बदललं नाही म्हणाल्या, त्याचा. माझा नवरा रोज तसंच बोलतो, पण त्याला आजार आहे."

मग मत कुणाला दिलं? "कुणालाच नाही. दारापर्यंत गेले आणि परत आले." १८७ हा आकडा त्यांना कळला तेव्हापासून आपण काय केलं ते त्यांना ठरवता येईना. आनंद नव्हता, पश्चात्तापही नव्हता. त्यांनी आमच्यातले चार चिप्स घेतले, मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि मुलीची वेळ झाली म्हणून उठल्या.

रविवार, ११ जून : पुन्हा ओव्हल

सकाळी टीव्हीवर माजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न मे बाईंना "डेड वुमन वॉकिंग" म्हणाले. याच ऑस्बोर्नना बाईंनी वर्षभरापूर्वी मंत्रिमंडळातून काढलं होतं आणि आता ते 'इव्हनिंग स्टँडर्ड'चे संपादक होते. काका ते पाहून खवळले. "बाई चुकली असेल, पण आपल्याच माणसाने असं बोलायचं?" रविवारभर ते मे यांच्या बाजूचे झाले.

ओव्हलवर दक्षिण आफ्रिका १९१ मध्ये आटोपली. डिव्हिलियर्स धावबाद, मग मिलर धावबाद, तोही दोघे फलंदाज एकाच टोकाला धावत असताना. मैदानभर हशा. आमच्या पुढे बसलेला सरे क्रिकेट क्लबचा जुना सभासद मागे वळून म्हणाला, "हे आमचं मंत्रिमंडळ." धवन ७८, कोहली नाबाद ७६, आठ गडी राखून विजय, आणि ढोलवाल्यांनी ओव्हल स्टेशनपर्यंत सोबत केली.

आम्ही परतल्यावर २६ जूनला डीयूपीशी करार झाला. दहा खासदारांचा पाठिंबा, आणि उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंड जादा. भाच्याने लगेच कळवलं की काकांनी कुंपणावरून हाक मारून त्याला कॅल्क्युलेटर दाखवला : खासदारामागे दहा कोटी पौंड पडले. "आमच्या ब्लॅकमनला सांगतो," काका म्हणाले, "पुढच्या वेळी डीयूपीतून उभा राहा. हॅरोचे खड्डे तरी बुजतील."